अक्षराला तीन रुपये

पाटण मागं टाकलं की हेळवाकच्या अलीकडे,
जिथं एसटी हमखास गियर बदलते त्या वळणावर
निळा फलक आहे. तो मी रंगवलाय.
सहा बाय चारचा पत्रा, पांढरी अक्षरं,
अक्षराला तीन रुपये, काना-मात्रा फुकट.
बाणाचे वेगळे.

मजकूर ग्रामसेवकानं वहीच्या पानावर दिला होता:
घाटवाटांचे जाणकार, सरहद्दीचे राखणदार
कै. धुळा बमू झोरे
यांच्या मातापित्यांच्या समाध्या, ६० मीटर.

पहिला हात वाळेपर्यंत साठ मीटर चालून आलो.
समाध्या म्हणजे करवंदीच्या जाळीत दोन उभे दगड,
एक गुडघ्याएवढा,
दुसरा त्याहून चार बोटं बुटका.
शेंदूर नाही, पणती नाही.
एक जर्मनची वाटी, पालथी.

धुळा कोण, ते इथं शेंबडं पोरही सांगतं.
मिठाचे बैल त्यानं अमावास्येला घाट चढवले.
जंगलात जिथं माणसाचा सारा संपायचा
आणि वाघाचा सुरू व्हायचा
तिथं पहिली झोपडी त्याची.
इथून पुढं कोण राहतं, असं मोजणीदारानं विचारलं
तर म्हणाला, मी.
त्याचा स्वतःचा दगड मात्र कुठंच नाही.
एका शिमग्याला घाट उतरून गेला, एवढंच.

बापाचं नाव मुलाच्या नावामागून आपसूक आलं.
आईचं?
ग्रामसेवक म्हणाला, मातोश्री लिहा, भागतंय.
तीन अक्षरं. नऊ रुपये.
मला नऊ रुपयांचं काही वाटलं नाही,
त्या भागतंयचं वाटलं.

डबा झाकून वर धनगरवाड्यावर गेलो.
भागूबाई येडगे अंगण सारवत होती.
मी नाव विचारलं, तिला वाटलं म्हशीचं विचारतोय.
ही चांदरी, म्हणाली. चांदरीची आई मोरी,
मोरीची भुरी, भुरीची आई ती दरडीखाली गेली ती हरणी,
हरणीची आई विकत आणलेली, तिचं नाव आणणाऱ्यालाच ठावं.
धुळाच्या आईचं विचारतोय, म्हटलं.
तिला म्हातारी म्हणायची समदी.
म्हातारी व्हायच्या आधी?
धुळाची आई.
आणि धुळाच्या आधी?
तिचा शेणाचा हात तसाच राहिला.
त्याच्या आधी ती हितं कुठं हुती बाबा?
म्हायेरी हुती. घाटाखाली.
मग वर कशी आली?
म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं
जसं चुकीचं स्पेलिंग लिहिणाऱ्याकडं मी बघतो.
कशी म्हंजे? चालत. ह्याच वाटंनं.
दर सालाला जायची की,
काखंत पोरगं, डोईवर तुपाचं गाडगं.

उतरताना मी पाय जपून टाकत होतो.
काखेतलं पोरगं काय काय बघतं:
कुठला दगड हलतो,
कुठल्या झऱ्यावर आई थांबते,
कुठं ती उगाच मोठ्यानं बोलते
म्हणजे झाडीत जे असेल त्यानं बाजूला व्हावं.

फलकाचा मजकूर मंजूर झालेला होता.
सही, शिक्का, जावक क्रमांक.
घाटवाटांचे जाणकार
ही ओळ मला वरून खाली सरकवता येत नव्हती.
मातोश्री मी लिहिलं नाही.
बापाच्या नावाशेजारी तेवढी जागा सोडली,
तीन अक्षरांची, थोडी ऐसपैस,
लांब नाव निघालं तर असावी म्हणून.
बिल करताना ग्रामसेवकानं बोटानं अक्षरं मोजली
आणि मोकळ्या जागेवर बोट टेकवून म्हणाला,
ह्याचे मिळायचे नाहीत.
मी लावलेही नव्हते.

मागच्या महिन्यात वाळूच्या डंपरनं खांब वाकवला.
बाण आता करवंदीकडं दाखवत नाही,
दरीकडं दाखवतो, खाली, कोकणाकडं.
सरळ करायचं काम माझ्याकडंच आलंय.
दोनदा निरोप येऊन गेला.
पाना आहे, शिडी आहे, मोटरसायकलला तेल आहे.
बघू.