पाय बदल

गिऱ्हाईकाला सुटे पैसे देताना
मावशी अमेर्ले आधी माझा हात बघायची,
पैसे मागाहून.
डावा दिसला की चापट,
केंकीच्या टोपलीवरची माशी हाकलावी तशी,
राग न येता.
आमच्या बुकोममध्ये डाव्या हाताने
कुणाला काही देत नाहीत,
रस्तासुद्धा दाखवत नाहीत.

शाळेत उजव्याने लिहिलं,
ओळी भरतीच्या लाटेसारख्या वर चढत गेल्या.
उजव्याने जेवले, उजव्यानेच कडी वाजवली.
डावा पाठीशी धरून ठेवायचा,
उसन्या आणलेल्या भांड्यासारखा.

मग आतो क्पाक्पोचं अंगण.
ट्रकचे टायर, वाळूची पोती,
होड्यांकडून येणारा धुरकट मासळीचा वास.
त्याने मला उभं केलं सगळ्यांसारखं:
डावं पाऊल पुढे, उजवी मूठ हनुवटीपाशी.
तीन दिवस उभी राहिले
दुसऱ्याच्या चपला घालून उभं राहावं तशी.
चौथ्या दिवशी, बोलता बोलता,
त्याने एक संत्रं भिरकावलं माझ्याकडे.
झेललं.
"कुठल्या हाताने?"
मी हात पाठीमागे लपवला,
संत्र्यासकट.
तो हसला नाही.
म्हणाला, पाय बदल.

एवढंच. पाय बदलले.
उजवं पाऊल पुढे, डावी मूठ मागे, दडवलेली,
आणि खांदा आपसूक जागेवर बसला
कवाड बिजागरीत बसतं तसा.
जन्मभर मी हा हात लपवायला शिकले होते.
इथे तेच काम होतं.

तुझं पाऊल तिच्या पावलाच्या बाहेर, आतो सांगायचा,
दर वेळी बाहेर.
पायावर पाय पडेल, पडू दे.
तिचा जॅब तुझ्या जॅबमध्ये गुंतेल,
अरुंद बोळात दोन छत्र्या गुंततात तसा.
घाई नको.
उजवीकडे सरक, आणि मग डावा, सरळ,
तिच्या उजव्या बरगडीखाली.
यकृत तिथेच असतं सगळ्यांचं,
सज्जनांचंसुद्धा.

संघ निवडताना मला दोनदा डावललं,
तिसऱ्यांदा घ्यावंच लागलं.
समोर येणाऱ्या मुली
आरशात बघून भांग पाडताना चुकावं तशा चुकायच्या.
चौदा लढतींत बारा जिंकले.
बक्षिसाचे पैसे मावशी मोजून घ्यायची,
उजव्या हाताने, दोनदा.

आणि मग लोमेची एसिनाम.
घंटा झाली,
ती उजवं पाऊल पुढे टाकून आली.

माझ्या घरात कुणीतरी
माझ्याच किल्लीने शिरलं होतं.
बाहेर म्हणजे आता कुठे?
तिचं यकृत हाताच्या अंतरावर,
पण कोपराच्या झडपेआड.
माझ्या मनात येईल ते
तिच्या खांद्याला आधीच माहीत,
आणि तिचं मला.
पहिली फेरी आम्ही दोघींनी हवेलाच ठोसे दिले.
लोक शिट्ट्या वाजवायला लागले.
आतो कोपऱ्यातून ओरडत होता,
ऐकू आलं ते नुसतं नाव, अजेली, अजेली.
पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं.
उभ्या हयातीत त्याने
एकच डावखुरी घडवली होती.

तिसऱ्या फेरीत तिने एकदा,
फक्त एकदा,
पाय बदलले.
सगळ्यांसारखी उभी राहिली.
ते मला दिसायला क्षणभर उशीर झाला.

तीन पंचांपैकी दोघांना
ती उजवी वाटली.

मागच्या बाकावर हाताच्या पट्ट्या सोडत होते,
ती पाण्याची पिशवी घेऊन आली,
एका कोपऱ्याला दातांनी फाडलेली, अर्धी प्यायलेली.
पुढे केली.
डाव्या हाताने.
आम्ही दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं,
कुणी वडीलधारं नाही ना.

पाणी कोमट होतं.
प्लॅस्टिकची चव, आणि थोडं रक्त,
कुणाचं ते विचारलं नाही.
रिकामी पिशवी कितीतरी वेळ
माझ्या हातात होती.