हिरवा लागला का?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अक्षरांचा तक्ता दुमडला
आणि म्हणाल्या, हेल्दुर, आता गाडी नको.
माझ्यादेखत कागदावर शिक्का मारला,
म्हणजे मला जेवढं दिसलं तेवढ्यादेखत.

त्याला तीन हिवाळे झाले.
गाडी जिथल्या तिथे आहे, लाकडांच्या खोपीत,
अर्ध्या खोपीत फोडलेला बर्च, अर्ध्या खोपीत ती.
दर रविवारी ताम्पेरेहून आन्नेलीचा फोन.
विकून टाका ना, बाबा.
भाव येत नाही, मी म्हणतो.
भाव विचारलाय कुणी?

पहिल्या वर्षी रोज सकाळी चालू करायचो,
पाच मिनिटं घुरघुरू द्यायचो, मग बंद.
वाटायचं, जनावराला पाणी दाखवून आलो.
गॅरेजवाला कालेव हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
म्हणाला, चालू व्हायला ती जेवढं खर्चते
तेवढं पाच मिनिटांत तिच्या हाती परत येत नाही.
तुम्ही तिला रोज उठवून उपाशी निजवताय.

बॅटरी उतरते.
ताप उतरतो तशी नाही, त्यानं घरातल्यांना बरं वाटतं.
भिंतीचा रंग उतरतो तशी,
कुणी बघत नसताना.
उभी गाडीही खाते म्हणे.
समोरचं घड्याळ खातं, कुलपाचा इवला दिवा खातो.
घड्याळ तर अजून उन्हाळ्याच्या वेळेवर आहे,
तासभर पुढे,
आणि एवढ्या चुकीसाठी रात्रंदिवस खाणं चालू.

मग कालेवनं त्याचा जुना चार्जर दिला.
लावताना धन आधी, ऋण मागून.
काढताना आधी ऋण.
हे मी बोटांनी पाठ केलंय. धनाच्या चिमट्यावर सुतळी गुंडाळलीय.
अडचण फक्त दिव्याची.
भरत असताना लाल, भरली की हिरवा.
माझ्या डोळ्यांचं असं झालंय की
ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं, कडा तेवढ्या उरतात.
बाजूच्या फावड्याकडे बघितलं तर दिवा दिसतो.
रंग नाही.

म्हणून मिर्तेल.
शेजारची, नऊ वर्षांची, पुढचे दात मोठे.
शाळेतून येताना खोपीत डोकावते.
हिरवा लागला का? मी विचारतो.
लालच आहे, ती सांगते, आणि राईचं बिस्कीट घेऊन जाते.
एकदा तिनं विचारलं, जायचंय कुठे तुम्हाला?
मी तिला बर्फाच्या रस्त्याचं सांगितलं.
समुद्र गोठला की पावाची गाडी घेऊन निघायचो,
हिउमापासून थेट पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.
तिथे पट्टा बांधायचा नसतो.
का?
बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून.
मग बराच वेळ ती डाव्या बाजूच्या सीटवर बसून राहिली,
पट्टा न बांधता, दार किंचित उघडं ठेवून.
आतला दिवा जळत होता. तोही खातो.
मी काही बोललो नाही.

काल उणे अठरा. टेकडीवर पोरांची घसरगुंडी चाललेली,
आरडाओरडा खोपीपर्यंत येत होता.
हिरवा लागला का?
लागला, लागला, म्हणाली ती, दारातूनच,
आणि बिस्कीटही न घेता पळाली.
मी चार्जरच्या पाठीवर हात ठेवला.
कोमट होता, नुकत्याच व्यालेल्या मांजरीसारखा.
म्हणजे अजून पितेय.

खोटं बोलताना तिचा आवाज किती हलका झाला होता!
हाक मारून परत बोलवावंसं वाटलं नाही.

रात्री अकराला कोट चढवून गेलो.
आता डब्बा गार, गुणगुण थांबलेली.
अंधारात दिवाही दिसला, फावड्याशेजारी,
हिरवा असणार.
हातमोजा काढला. लोखंड बोटांना चिकटत होतं.
सुतळी चाचपली, ती सोडून दुसरा चिमटा धरला.
आधी ऋण.
खिशातलं बिस्कीट सीटवर ठेवलं, डाव्या बाजूच्या.