पाठीवर आणि पाटीवर

रोज सकाळी साडेसहाला
चौकीच्या ओट्यावर सॅक उपडी करते.
सवय म्हणा, खोड म्हणा.
रेशन दुकानातून मागून आणलेला जुना ताणकाटा
खिळ्याला टांगलाय:
चार किलो सहाशे.
नवजाच्या चढाला दुपारी दोननंतर
एकेक शंभर ग्रॅम बोलायला लागतं,
म्हणून आज काहीतरी काढायचंच, असं ठरवून बसते.

कोयता राहू दे.
मीठ राहू दे, जळवा रविवार पाळत नाहीत.
काडेपेटी डबीत, झाकणावर मेण ओतून.
पाटणच्या डॉक्टरांनी सांगितल्या दिवशीच
साप चावल्यावर चिरा द्यायचं ब्लेड फेकलं,
तेवढंच काय ते वजन खरोखर कमी झालं.

वीस हात दोरी. हिच्यावरून रोजचा वाद.
दोन वर्षांत एकदाच लागली,
तीही कुणा माणसाला ओढायला नाही,
वस्तीवरच्या आजारी म्हशीला उभं करायला.
काढली.
ओट्यावर पडली वेटोळं घालून,
माझ्याकडं बघत.
घातली परत.

येडगेमामा कडेला तंबाखू मळतात.
त्यांच्या कमरेला आकडी, आकडीत कोयता,
खांद्यावर घोंगडं. झालं.
"समदं रानच घिऊन निगालीस की बाई,
मग रानात जाऊन बगणार काय?"

मी हसत नाही.
मला गेल्या साली भाद्रपदात उतरलेलं धुकं आठवतं.
मामा चार पावलं पुढं होते,
मग नव्हते.
ओरडले. तास दीड तास ओरडले,
आधी मामा म्हणून, मग नाव घेऊन,
मग नुसतंच.
पाठीवर पाच किलो तयारी होती
आणि घशात आवाज उरला नव्हता.

तेव्हा खालच्या ओघळातून आलं:
ठण्. थांबून, ठण्.
मामा दगडावर कोयता आपटत होते,
पाय मोडलेला, शिवी मात्र शाबूत.
मी क्रेपची पट्टी गुंडाळली,
त्यांनी गूळ चघळला,
आणि सांगायचंच तर कौतुक
गुळाचं जास्त झालं.

रात्री नऊपर्यंत कुणी आलं नाही.
कसं येणार?
आम्ही कुठल्या अंगानं गेलो
हे आमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.
बॅटरीचा उजेड धुक्यात जाऊन
परत आमच्याच तोंडावर पडत होता.

नंतर बाजारातून शिट्टी आणली, लाल, पंचवीस रुपयांची.
मामांनी प्लास्टरवर हात ठेवून वाजवून बघितली.
"झ्याक हाय. पर ऐकायला कोन
ते आदी ठरीव."

तेव्हापासून बंद पडलेल्या शाळेतली पाटी
चौकीच्या दाराला आहे.
निघताना लिहिते:
झऱ्याच्या अंगानं वर. दोघं. परत पाचला.
आणि मोठ्यानं वाचते,
कारण आत भाकरी थापणाऱ्या अनुसयाकाकूंना
अक्षर लागत नाही.
त्या पिठाची पाच बोटं वर करतात.
पाच, मी म्हणते.
"आनि सा वाजलं तर?"
तर सरपंचांकडं माणूस धाडा.
"साला कशाला, साडेपाचलाच धाडीन."

काट्याला पुन्हा लावते:
चार किलो सहाशे.
काही कमी झालं नाही आजही.
खडू खिशात टाकते, तो काट्यावर दिसत नाही.

संध्याकाळी ओट्यावर बूट काढताना
काकू आधी आमची डोकी मोजतात,
दोनच असली तरी, बोटानं.
मग ओल्या तळव्यानं पाटी पुसतात.
हे काम त्या कुणाला करू देत नाहीत.