एकवीस सेंटीमीटर

मांडीचं हाड एकवीस सेंटीमीटर भरल्याशिवाय
ते यंत्र मूल घेत नाही.
मगदूम मॅडमनी टेप लावली.
एकोणीस पूर्णांक आठ. थांबू या, म्हणाल्या.

थांबणं आमच्या धंद्यातच आहे.
मंगळवेढ्याचा भोपळा माळ्यावर टांगला
की वर्षभर त्याला बोट लावायचं नाही.
पण भोपळा वाळतो, वाढत नाही.
मिस्बाहला वाढायचं होतं,
बारा मिलीमीटर.

दर जुम्म्याला नमाजहून आलो की
पडदे आखायची पितळी पट्टी घ्यायचो,
तिला लाकडाच्या भुशातच आडवी करायचो,
खुब्यापासून गुडघ्यापर्यंत.
अब्बा, माझी सतार होणार का?
तिची अम्मी आतून ओरडायची,
पोरीला गुदगुल्या होतात, नीट मोजा.
आकडे चौकटीवर पेन्सिलनं लिहिले.
लोक तिथं मुलांची उंची लिहितात.
हिला चौकटीला उभं करता आलं असतं
तर मोजायचंच काय होतं.

रात्री तिच्या पोटऱ्या ताठतात.
तार चढली तर मी खुंटी उतरवतो.
हिची खुंटी डोक्यात आहे, डॉक्टर म्हणाले,
जन्मतानाच अडकलेली.

चौदा महिने लागले.

विश्रामबाग, दुसरा मजला,
लिफ्ट बंद असली की खांद्यावर.
छातीला पट्टा, कंबरेला पट्टा, मांड्यांना, पोटऱ्यांना,
वरून दोर.
लेक माझी तराजूसारखी लोंबते
आणि स्क्रीनवर आकडा येतो, साडेतेरा किलो.
निम्मा भार यंत्र उचलतं.
राहिलेला तिचा.

मोटर सुरू झाली की मी डोळे मिटतो. सवय.
मंद्र पंचमाच्या जरा खाली, बेसूर,
पण लयीला पक्की.
डावा, उजवा, डावा.
लेकीचे पाय चालत होते
आणि लेक स्क्रीनवरच्या सशाकडे बघत होती,
पाय जसे शेजारणीचे.

सतारीला खाली तरफेच्या तारा असतात.
त्यांना कुणी छेडत नाही.
वरची वाजली की त्या आपोआप बोलतात,
सुरात लावल्या असतील तर.
हे मी मॅडमना सांगणार होतो.
त्या फाइलमध्ये काही लिहीत होत्या, राहून गेलं.

किती दिवसांत चालेल, विचारलं.
मॅडमनी पेनचं टोपण लावलं, काढलं.
चालेल असं मी म्हणणार नाही, म्हणाल्या.
मग त्यांनी मला चहा पाजला.

अकराव्या दिवशी यंत्र थांबलं.
लाल दिवा, पीं पीं.
मी ताडकन उठलो, काही तुटलं का?
पायानं उलटा जोर दिलाय, मॅडम म्हणाल्या,
आखडला असेल.
पुन्हा सुरू केलं. सहा पावलं.
पुन्हा लाल.

मिस्बाह हसत होती, लाळ गळेपर्यंत.
मीच थांबवलं. ससा दमलाय.

मॅडमनी हात ॲप्रनच्या खिशात घातले,
तिच्याकडे बघत राहिल्या.
बरं, आता दहा मोज, मग थांबव.
तिनं सातपर्यंत मोजलं,
आठ तिला आवडत नाही,
आणि थांबवलं.

एवढं मोठं यंत्र. आमची गल्ली विकली तरी येणार नाही असं.
पाच वर्षांत पहिल्यांदा
तिचा पाय तिचं ऐकत होता,
आणि पहिलं काय ऐकलं, तर नाही.
मला हसू येत होतं
आणि नाक पुसायला रुमाल सापडत नव्हता.

वडापमध्ये ती माझ्या मांडीवर.
डाव्या पोटरीवर पट्ट्याचा वळ,
त्यावर माझा अंगठा.
मिरजेत गांधी चौकात ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला,
सगळे पुढं आपटले.
तिनं मान वळवून माझ्या कानात सांगितलं,
अब्बा, हे मी नाही केलं.