फेरीबोट, आवृत्ती १.०.७

क्लायपेदाच्या धक्क्यावर मी दिवसभर मोटारी लावतो.
लाल व्हॅन डावीकडे, दुधाचा टँकर मधोमध,
सायकली कठड्याला. हाताची खूण, ओठांत शिट्टी.
आठ मिनिटांत पलीकडचा किनारा.
परत. पुन्हा परत.
एकोणीस वर्षं.

रात्री दाइवा झोपली की
स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेच सगळं, तळहाताएवढं:
बोट, मोटारी, खाडीचं पाणी,
आणि एका बाजूला वजन वाढलं की कलंडणारं जग.
कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसेही देणार नव्हतं.
भाच्याचं जुनं पुस्तक होतं, मागची चाळीस पानं गायब,
म्हणून शेवटचे धडे मी अंदाजाने लिहिले.
ते अजून तसेच आहेत. चालतात.

पहिली बोट बुडाली नाही, उडाली.
टँकर चढताच सरळ आभाळात गेली
सगळ्या मोटारींसकट, शांतपणे,
एखादं कुटुंब सहलीला निघावं तशी.
वजाचं एक चिन्ह राहिलं होतं.
दहा रात्री गावभर हिंडलो, कळसा काखेतच,
तिसऱ्या ओळीत.
दुरुस्त केलं.
उडणारी बोट मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली आहे,
दाइवालाही माहीत नाही.

डाउनलोड अकरा.
एक आईचा. तिला तो उघडता येत नाही,
पण दर रविवारी विचारते, "बोट कशी आहे आता?"
आजारी माणसाची चौकशी करावी तशी.
एक मी. एक पुन्हा मीच, जुन्या फोनवर.
उरले आठ. त्यातल्या एकाने दिला एक तारा
आणि खाली एक वाक्य:
कुरव हलत नाही.

खरंच हलत नव्हता.
कठड्यावर मी त्याला शोभेला बसवला होता, चार ठिपक्यांची चोच.
पण संताप आला.
बोट कलंडते, लाट सरकते,
टँकरच्या पोटात दूध डचमळतं, ते कुणाला दिसतही नाही,
तरी त्याचं गणित मी मांडलंय,
आणि याला दिसला काय, तर पक्षी!

दुसऱ्या दिवशी कामावर मी कुरवच बघत राहिलो.
उडण्याआधी तो किंचित खाली बसतो.
वाऱ्याकडे तोंड करतो.
एक पाय उचलतो आणि खाली ठेवायला विसरतो.
एकोणीस वर्षं हे माझ्या नाकासमोर चाललं होतं.
कॅप्टन ग्रिगाइटिसने दोनदा भोंगा वाजवला,
एक फोक्सवॅगन आडवी अडकली होती.
"रिमवीदास, जागा आहेस ना?"
जागाच होतो. इतका तर कधीच नव्हतो.

तीन आठवडे, बावीस चित्रं.
सगळ्यात अवघड तो पाय. विसरणं कोडमध्ये लिहायचं कसं?
शेवटी दर वेळी एक फासा टाकला:
सहा पडले तर पाय तसाच वर.
नव्या आवृत्तीत बदलांच्या रकान्यात लिहिलं,
कुरव हलतो.
तारा देणारा परत आला नाही.
आलं ते ॲप-दुकानाचं पत्र:
नव्या फोनांशी जुळवून घ्या, नाहीतर काढून टाकू.
जुळवलं तर खाडीचं पाणी काळं पडलं.
त्याला त्याचा राखाडी रंग परत देण्यात
अख्खा मार्च गेला.

मेमध्ये शाळेची एक सहल पलीकडे निघाली होती.
कठड्याला टेकून एक मुलगा फोनवर वाकलेला.
मी ओझरतं पाहिलं
आणि शिट्टी ओठांतच राहिली.
तो मुद्दाम बोट बुडवत होता,
टँकर एका टोकाला ढकलून, खिदळत,
पुन्हा पुन्हा.
सांगावंसं वाटलं. जीभ टाळ्याला चिकटली.
त्याने मान वर केली, माझ्याकडे नाही,
माझ्यामागच्या खऱ्या ट्रककडे पाहिलं.
"काका, तो मधोमध घ्या. नाहीतर कलंडेल."

ट्रक बरोबर जागी होता. आमची बोट असल्या तीन ट्रकांनी हलत नाही.
तरी मी ड्रायव्हरला दोन हात मागे घ्यायला लावलं.
त्याने काच खाली करून मला शिवी दिली,
मागच्या रांगेने भोंगे.