वही क्रमांक एकोणतीस

मी सांगितलं होतं, विषय तुमचा तुम्ही शोधा,
फक्त घरच्या उंबऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत
कुठेतरी सापडलेला असावा.
नववी ब. पट त्रेपन्न.
त्यातल्या एकतीस जणांना पायथागोरस सापडला
रविवार कारंज्याजवळ, स्टेशनरीच्या दुकानात,
थर्माकोलचा, तयार, साठ रुपयांना.
रागावले नाही.
कुणाची आई सातपूरला दुसऱ्या पाळीला असते,
आणि साठ रुपयांत सुटणारा प्रश्न
सोडवून टाकावा, हेही गणितच.

अरमान कोकणीने चिवड्याची पुडी उलगडून चिकटवली:
बाई, हा शंकू, पण तोंड दुमडलं की शंकू राहत नाही,
मग त्याला काय म्हणायचं?
मी लाल पेनाने लिहिलं, मलाही माहीत नाही.
तांबट गल्लीतल्या केतकीने वडिलांचे ठोके मोजले,
एका हंड्याला चार हजार एकशे बारा.
खाली टीप: मधे फोन आला, मोजणी चुकली असेल,
बाबांनी हंडा पुन्हा ठोकायला नकार दिला.

मग ही वही. प्रांजल गांगुर्डे.

साहित्य: सुतळी, लाकडी फूटपट्टी, आईची शिवणाची टेप.
कृती: मे महिन्यात नदी उतरलेली असताना
दुतोंड्या मारुतीपाशी गेले. चपला काढल्या.
घोटा, गुडघा, मांडी, कंबर, बेंबी, छाती,
एवढी मापं घेतली.
गळ्यापर्यंत हात पुरला नाही.
देवाच्या अंगावर चढणं बरं दिसलं नसतं,
म्हणून वरचं माप सावलीवरून काढलं.

समरूप त्रिकोण शिकवताना ही खिडकीबाहेर बघत होती.
मी खडू फेकला होता.

पुढे तक्ता. ऑगस्टमधले अकरा दिवस.
डावीकडे धरणातून सोडलेलं पाणी, पेपरात आलेलं,
उजवीकडे मारुती.
गुडघ्याला आलं, कमरेला लागलं,
हे आम्ही नाशिककर चहा ओतता ओतता बोलतो.
बोलण्याला अक्ष असतात, क्ष आणि य,
हे मला सुचलं नव्हतं.

तिची रेघ कमरेपर्यंत सरळ चढते,
आणि मग वाकते, थकल्यासारखी.
प्रमाण दिलंय, बिंदू नीट टोकदार पेन्सिलीचे.
निरीक्षण: कमरेनंतर पाणी तितकं उंच होत नाही,
रुंद होतं.
रुंद म्हणजे आमची गल्ली.

तक्त्यात एक चौकट रिकामी होती, सातव्या दिवसाची.
मी सवयीने लाल शाईत गोल करून विचारलं,
नोंद का नाही?
पान उलटल्यावर दिसलं:
त्या संध्याकाळी शिलाई मशीन माळ्यावर चढवत होतो.
मशीन जड असतं.
लाल शाई खोडता येत नाही.

शेवटचा रकाना, व्यवहारात उपयोग, पाच गुण.
तिने लिहिलं होतं:
पाणी सोडल्याची बातमी आल्यापासून
आमच्या दारात यायला अडीच तास लागतात,
असं माझ्या आलेखावरून निघतं.
आईने दोन तासांत सगळं आवरलं होतं.
पाणी सव्वादोन तासांनी आलं.
आईचं उत्तर जास्त बरोबर आहे.

रात्रीचे साडेअकरा.
पाचापैकी किती, हे ठरत नव्हतं.
शेवटी मी लिहिलं तेच, जे वीस वर्षं लिहीत आलेय,
उत्तर बरोबर, पायऱ्या दाखव.

सोमवारी वही परत आली. खाली पेन्सिलने दोन ओळी:
आईला विचारलं. ती म्हणाली, पायऱ्याच तर मोजते,
घाटाच्या. एक बुडाली की दुसरी बुडेपर्यंत
किती काज होतात ते बघते.

काज म्हणजे ब्लाउजची, बाई. हाताने केलेली.