पराते, तिसऱ्या नोंदीनुसार

सोजिरांच्या स्कोअरबुकात त्याचं नाव पॅरट.
पेन्सिलीनं, तिरकं, घाईत.
सोळा मार्च चव्वेचाळीस, गुरुवार.

महालातल्या साप्ताहिकात त्याच सामन्याला
तोच चेंडू टाकणारा : श्री. परांजपे.
टिमकीतल्या कोष्ट्याच्या पोराला
खिळे जुळवणाऱ्यानं एका ओळीत जानवं घातलं.
चूक होती की सवय, कोण सांगणार.

आणि मिलच्या हजेरीबुकात
त्याच गुरुवारी, दिवसपाळीला,
श्रावण वल्द दाजीबा पराते, माग नंबर दोनशे अकरा,
हजर.
समोर डाव्या अंगठ्याचा ठसा.
जांभळा, भरीव, रेघन् रेघ मोजून घ्यावी असा.

मैदानंही दोन आहेत.
स्कोअरबुक म्हणतं सोनेगाव, विमानांच्या पलीकडे.
साप्ताहिक म्हणतं कस्तुरचंद पार्क, अलोट गर्दी.
धावा सात-चार, किंवा चार-चार,
किंवा पुढच्या अंकातल्या एका संतप्त वाचकाच्या मते
सामना असा झालाच नाही,
काही गोरे आणि काही रिकामटेकडे
चार पोत्यांभोवती पळत होते, एवढंच.

मी बेसबॉल संघटनेचा चिटणीस.
स्मरणिकेचं पान अकरा : आपला पहिला पिचर.
चौकट आखून तयार आहे, आत कोणी नाही.
इतवारीतला छापखानेवाला रोज फोन करतो,
"साहेब, एका नावासाठी फर्मा अडला आहे."

एकाच माणसानं एकाच दुपारी
मागावर धोटाही फेकावा आणि मैदानात चेंडूही?
मी हजेरीबुकावर विश्वास ठेवायचं ठरवलं होतं.
पगाराची नोंद खोटं बोलत नाही,
असं मला नोकरीतल्या तेहतीस वर्षांनी शिकवलं होतं.

पाचपावलीत देवकाबाई हेडाऊ भेटल्या. त्याची लेक.
पुढ्यात सांबारवडी ठेवली, ठशाची झेरॉक्स
डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, हसल्या.
"हा बाबाचा नाही जी.
बाबाचा डावा अंगठा बेचाळीसातच मागात गेला.
अर्धा. नखासकट."
मग कोणाचा?
"भदूकाकाचा राहीन. दोघायचं तोंड एक, टोपी एक, पगारबी एकच.
ज्याले जमे तो जाये."

म्हणजे मिलमध्ये भदू होता.
म्हणजे मैदानात श्रावण होता.
मी बसच्या तिकिटामागे नाव लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या,
वडीचा दुसरा तुकडा उचलला.

"पन खेळाचं म्हनाल,"
त्या पदरानं झेरॉक्सवरचं तेल पुसत होत्या,
"तं काकाबी जाये. बाबाच्याच नावानं.
गोरे चहा-बिस्किट देत ना."

तर पॅरटच्या मागे धावता धावता
माझाच पोपट झाला.

स्कोअरबुकात एक शेरा आहे, पॅरटच्या नावापुढे :
याचा चेंडू शेवटच्या हातभर अंतरात बुडतो, का ते कळत नाही.
अर्ध्या अंगठ्यातून सुटलेला चेंडू असाच बुडेल,
मी घरी भिंतीवर टाकून पाहिला, अंगठा दुमडून,
शेजारचे नंदनवार गच्चीतून बघत होते.
बुडतो.
पण शेरा ज्या पानावर आहे त्याचा कोपरा उंदरांनी खाल्लाय,
तारखेसकट.
तो गुरुवार हाच की दुसरा?
गुरुवार तरी होता का?

निघताना देवकाबाईंनी ट्रंकेतून फोटो काढून दिला.
"छापा. दोघायपैकी कोन आहे, ते मायलेबी सांगता नाही आलं कधी."

बारीक माणूस. चट्ट्यापट्ट्यांची, कोणा सोजिराची टोपी,
दोन बोटं मोठी, कानावर उतरलेली.
उजव्या हातात चेंडू, कॅमेऱ्याकडे पुढे केलेला,
घ्या म्हणाल्यासारखा.
डावा हात खिशात.